आधी पाठ टेकायला शिका: आखाड्यातला पैलवान डब्ल्यूडब्ल्यूईत का अडखळतो

ऑलिंपिकचं सुवर्णपदक असलेला १२५ किलो गटातला पैलवान डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन प्रो रेसलिंगच्या कंपनीत जातो आणि तीन वर्षांच्या आत कंपनी त्याला नारळ देते. गेबल स्टीव्हसन त्याचं नाव. टोकियोच्या फायनलमध्ये जॉर्जियाच्या गेनो पेट्रियाश्विलीला त्यानं शेवटच्या काही सेकंदांत गुण काढून हरवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये करार झाला. डब्ल्यूडब्ल्यूईचा बडा स्टार ब्रॉक लेस्नर ज्या मिनेसोटा विद्यापीठातून आला तिथलाच हा, त्यामुळे कंपनीला वाटलं दुसरा लेस्नर हाती लागला. जुलै २०२३ ला बॅरन कॉर्बिनशी लढत लावली, तर प्रेक्षकांनी चक्क या पदकवाल्याचीच हुर्यो उडवली. मे २०२४ मध्ये करार संपवला.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात यात्रांच्या दंगली सुरू झाल्या की पारावर एक वाद हमखास निघतो. "हाई सगळं खोटं शे रे भो! आपला चाळीसगावचा एखादा पैलवान उतरू दे, दोन मिनिटात लोळवेल." लोळवेल, यात वाद नाही. पण समोरच्याला लोळवणं हे तिथलं कामच नाही. तिथं पगार मिळतो तो स्वतः लोळण्याचा, आणि समोरच्यानं आपल्याला लोळवलं ते हजारो लोकांना खरं वाटायला लावण्याचा. लढतीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आता गुपितही नाही. १९८९ मध्ये कंपनीनंच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की आमचा खेळ करमणूक आहे, आमच्यावर क्रीडा आयोगाचं नियंत्रण नको. ठरलेला निकाल आणि खरी आदळआपट या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे मात्र पारावर कुणी मान्य करत नाही.

अडचण सुरू होते ती पाठीपासून. तालमीत पोरगं आठ-नऊ वर्षांचं असल्यापासून वस्ताद एकच गोष्ट डोक्यात बसवतात: पाठ लागू द्यायची नाही. पडता पडता कूस बदल, पोटावर वळ, काहीच जमलं नाही तर मानेवर ब्रिज घे, म्हणजे डोकं टेकून अंगाची कमान कर. दहा वर्षांत हे अंगात इतकं मुरतं की डोक्याला विचारावं लागत नाही. प्रो रेसलिंगच्या शाळेत पहिल्या दिवसापासून नेमकं याच्या उलट शिकवतात. तिथं त्याला बम्प म्हणतात, म्हणजे सरळ पाठीवर पडणं. दिवसाला शेकड्यानं बम्प घ्यावे लागतात आणि नव्या पोरांपैकी बरीच तिथूनच घरी जातात.

बम्प घ्यायचा कसा, ते नीट सांगतो. सुरुवात उकिडवं बसून करायची, उभ्यानं नाही. हात छातीवर आडवे घ्यायचे आणि हनुवटी छातीला टेकवायची, इतकी की मधे कागद धरला तर निसटू नये. मग मागं लोटून द्यायचं. जमिनीला आधी लागते ती पाठीची वरची रुंद बाजू, दोन्ही खांदे एकदम. त्याच क्षणी दोन्ही हात शरीरापासून साधारण ४५ अंशांवर तळव्यासकट आपटायचे आणि श्वास बाहेर सोडायचा. उभ्यानं करताना तळपाय जमिनीवर सपाट राहतात आणि कमरेचा भार वर धरलेला असतो. मार सगळीकडे वाटला गेला पाहिजे, हा सगळा हिशेब त्यासाठी.

चुका ठरावीक चारच होतात. हनुवटी सुटली की डोकं मागं झटकतं आणि मेंदूला मार बसतो. घाबरून हात मागं टेकला तर मनगट किंवा कोपर जातं. बूड आधी लागलं की माकडहाड शेकतं. श्वास कोंडून ठेवला तर छातीतला वारा निघून जातो आणि माणूस मिनिटभर माशासारखा तडफडतो. पैलवानाच्या बाबतीत पाचवी चूक वाढते, आणि तीच सगळ्यांत वाईट. हवेत असताना तो कूस वळवतो. मग सगळं वजन एका खांद्याच्या टोकावर येतं, किंवा ब्रिज घ्यायच्या सवयीनं मानेवर. मातीत हीच सवय त्याला वाचवत होती.

मातीत वाचवत होती याला हौदाचंही, म्हणजे आखाड्यातल्या मातीच्या खड्ड्याचंही कारण आहे. हौद उकरलेला असतो, मातीत ताक, तेल, हळद पडलेली असते, फावड्यानं भुसभुशीत केलेली असते. डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग २० फूट बाय २० फूट. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. फळ्या थोड्या लवतात म्हणून जीव वाचतो, पण तो काही गादीचा मऊपणा नाही. तो धाडकन आवाज येतो तो फळ्यांचा, आणि चांगला ऐकू यावा म्हणून रिंगखाली माइक लावलेले असतात. टीव्हीवर आवाज ऐकून "स्प्रिंगच्या गाद्या आहेत" असं म्हणणाऱ्यानं एकदा घरच्या लाकडी पलंगावरची गादी काढून सतरंजी टाकावी आणि तिच्यावर आडवं पडून बघावं. उभ्यानं पडायला मी सांगत नाही.

आता डावाकडे. जॉन सीनाचा ॲटिट्यूड ॲडजस्टमेंट आणि लेस्नरचा एफ-फाइव्ह या दोन्हींची सुरुवात आपल्या कलाजंगनंच होते. हात धरून खाली शिरायचं, दुसरा हात जांघेत घालायचा आणि समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घ्यायचा. आखाड्यात कलाजंग लागताना खालचा पैलवान काय करतो? कंबर मागं खेचतो, वजन खाली सोडतो, धरलेला हात सोडवायला बघतो. म्हणून कलाजंग मारणाऱ्याला वेग लागतो, आणि बहुतेक वेळा तो उभा न राहता गुडघ्यावरूनच समोरच्याला फिरवतो. रिंगमध्ये उलटं आहे. उचलला जाणाराच हलकी उडी मारून वर चढतो. मोकळा हात उचलणाऱ्याच्या कमरेवर किंवा मांडीवर टेकवून स्वतःचं वजन सावरतो आणि पोट आवळून अंग फळीसारखं ताठ ठेवतो. उचलणारा सरळ उभा राहतो, लोकांना दिसेल इतका वेळ थांबतो, मग सोडतो. सोडताना समोरच्याला पाठीवर पडायला पुरेशी उंची आणि फिरकी द्यायची जबाबदारी त्याची. हवेतली शेवटची फिरकी घेणं पडणाऱ्याचं.

इथं पैलवान दोन प्रकारे चुकतो. वर असताना सवयीनं वजन खाली सोडतो, मग उचलणाऱ्याची कंबर जाते. किंवा तो स्वतः उचलणारा असेल तर खऱ्या ताकदीनं, खऱ्या वेगानं फेकतो आणि समोरच्याला वळायला वेळच मिळत नाही. ताकद असणं हा प्रश्नच नाही, ती थांबवता येते का हा प्रश्न आहे. पकडसुद्धा तशीच. गळ्याभोवतीचा हात बाहेरून आवळलेला दिसला पाहिजे आणि आत समोरच्याला श्वास घेता, बोलता आला पाहिजे. ज्यानं दहा वर्षं पकड घट्ट करण्यातच घालवली त्याला सैल धरायला शिकवणं फार जिकिरीचं. असा 'कडक' हात असलेल्या माणसासोबत कुणी लढायला तयार होत नाही, आणि ज्याच्याशी कुणी लढत नाही त्याला कंपनी ठेवत नाही.

कसलेल्या माणसांकडूनही गफलत होते. ३ ऑगस्ट १९९७ च्या समरस्लॅममध्ये ओवेन हार्टनं स्टीव्ह ऑस्टिनला उलटं धरून पाइलड्रायव्हर मारला, म्हणजे डोकं खाली करून आपटण्याचा डाव. ऑस्टिनचं डोकं मांड्यांच्या वर राहायला हवं होतं, ते खाली राहिलं, आणि मानेला अशी दुखापत झाली की काही वेळ त्याला हातपाय हलवता येईनात. दोघंही त्या काळातले अव्वल कारागीर. काही इंचांचा फरक पडला, बस.

दोरांबद्दल थोडक्यात. या टोकाकडून त्या टोकाला तीन-चार पावलांत पोचायचं, वळून पाठीनं दोरावर जायचं, वरचा दोर काखेखाली आला पाहिजे आणि त्याच हातानं तो धरायचा. धरला नाही तर माणूस बाहेर पडतो. नव्या पोरांच्या फासळ्यांवर आणि दंडावर काळेनिळे वळ उठतात ते यामुळेच. पैलवानाला पळायची सवय असते, पण पावलं मोजून पळायची नसते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी टीव्हीवर बघणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. अमेरिकन पद्धतीत सगळं डाव्या बाजूनं चालतं. डोकं धरायचं तर डाव्या काखेत, हात पिळायचा तर डावा, पाय धरायचा तर डावा. आज न्यूयॉर्कचा आणि उद्या जपानचा माणूस समोर आला तरी गोंधळ होऊ नये म्हणून हा दंडक. आपल्या पैलवानाचा डाव उजव्या अंगाचा असेल तर तो उजवीकडूनच शिरणार, समोरचा डाव्या बाजूची तयारी करून बसलेला, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटणार. गळा धरून दोघं सुस्त पडलेले दिसतात तेव्हा ते बहुधा पुढचं काय ते कानात ठरवत असतात, तेही इंग्रजीत. रेफरीच्या कानात यंत्र असतं, त्यातून वेळ किती उरला ते त्याला कळतं आणि तो लढणाऱ्यांना सांगतो. त्यानं दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले तर समजायचं की दुखापत खरी आहे. अर्थात ही खूणही कधीकधी कथानकात वापरून टाकतात.

रेफरीवरून आठवलं. २०२५ च्या अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत गादी (मॅट) विभागाच्या लढतीत शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. रिंगमध्ये रेफरी अधूनमधून आडवा होतोच, तो त्याच्या नोकरीचा भाग. दोन्हीकडे माणसं लढताना दिसतात म्हणून दोन्हींचं शास्त्र एक मानण्यात हाच घोळ आहे.

मग कर्ट अँगल कसा टिकला? १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये १०० किलो फ्रीस्टाईलचं सुवर्ण, १९९८ ला करार, नोव्हेंबर १९९९ ला टीव्हीवर पदार्पण आणि ऑक्टोबर २००० मध्ये मुख्य किताब. लोक म्हणतात कुस्ती उत्तम होती म्हणून. माझ्या मते कारण वेगळं आहे: स्वतःचं हसू करून घ्यायला तो तयार होता. गळ्यात पदकं घालून बढाया मारणारा, लोकांनी चिडवावं असा माणूस त्यानं उभा केला आणि खऱ्या पदकाची थट्टा होऊ दिली. लेस्नरला बोलायची अडचण होती तर त्याच्या बाजूनं बोलायला पॉल हेमन दिला. स्टीव्हसनला यातलं काहीच जमलं नाही. तो चांगला माणूस म्हणून आला, मोजकं हसला, उचलून मागं फेकायचे दोन डाव (सूप्लेक्स) मारले आणि लोकांना तो कोण हेच कळलं नाही.

आपल्याकडच्या पैलवानाला हीच गोष्ट सगळ्यांत जड जाणार. गावात पैलवानाला मान असतो. तो हॉटेलात शिरला तर लोक खुर्ची देतात, दंगलीत फेटा बांधतात. त्याला सांगा की आज तू लबाडी करायची, दहा हजार माणसं तुला शिव्या घालतील आणि शेवटी तुझ्यापेक्षा तीस किलोनं हलक्या पोराकडून तू हरायचं. जॉन सीना १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये शेवटची लढत गुंथरकडून हरून गेला, तेही हात आपटून हार मान्य करत. आपल्याकडे अनेकांना ते लागलं. पण जाताना मागच्याला मोठं करून जायचं, ही त्या धंद्याची जुनी रीत आहे.

आता कंपन्यांकडे वळू, कारण सगळा दोष पैलवानाच्या माथी मारणंही बरोबर नाही. भारतीय माणूस निवडताना यांची टेप उंचीपाशीच अडकलेली आहे. द ग्रेट खली सात फुटांच्या वरचा, २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट किताब. एईडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनं घेतला तो सतनाम सिंग, २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवड झालेला बास्केटबॉलपटू, तोही सात फुटांच्या वर. वीर महान म्हणून गाजलेला रिंकू सिंग बेसबॉलमधून आला. कुस्तीतून आलेला हरियाणाचा सत्येंदर डागर २०१५ मध्ये घेतला, जीत रामा नाव दिलं, टीव्हीवर मोजक्या वेळा दाखवला आणि २०२१ मध्ये सोडून दिला. कविता देवी वेटलिफ्टिंगमधली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेतली सुवर्णविजेती, तीही २०२१ मध्येच गेली. एप्रिल २०२४ च्या कपातीत वीर, 'सांगा' या नावानं लढणारा आणि जिंदर महल असे तिघंही एकदम बाहेर.

जिंदर महलचं उदाहरण तर डोक्यात तिडीक आणणारं. कॅनडात जन्मलेला पंजाबी माणूस. २१ मे २०१७ ला रँडी ऑर्टनला हरवून मुख्य किताब दिला, तो ७ नोव्हेंबरपर्यंत, १७० दिवस. भारताची बाजारपेठ डोळ्यांसमोर होती हे शेंबडं पोरही सांगेल. मग डिसेंबरमध्ये दिल्लीचा कार्यक्रम आला तेव्हा किताब आधीच काढून घेतलेला होता, आणि दिल्लीच्या लोकांसमोर त्याला ट्रिपल एचकडून हरवलं. ज्याला गावात आणण्यासाठी सहा महिने राजा केला, त्याला गावात आणून पाडला. याला धंद्याची अक्कल म्हणत नाहीत.

त्यापेक्षा टीएनए या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा 'रिंग का किंग' मला अजून प्रामाणिक प्रयत्न वाटतो. चित्रीकरण पुण्याच्या बालेवाडीत, २०१२ मध्ये कलर्सवर प्रसारण, हिंदी बोलणारी देशी पात्रं. एकच हंगाम चालला. तिथंही मराठी आखाड्यातला कसलेला माणूस घ्यायचं सुचलं नाही, हे मात्र खटकतं. कात्रज आणि कोल्हापूरच्या तालमी तेव्हाही भरलेल्याच होत्या.

सध्याची परिस्थिती अशी की सप्टेंबर २०२३ पासून डब्ल्यूडब्ल्यूई आणि खऱ्या मारामारीच्या लढती घेणारी यूएफसी एकाच टीकेओ कंपनीत आहेत. भारतात १ एप्रिल २०२५ पासून सगळे कार्यक्रम सोनीवरून नेटफ्लिक्सवर गेले. 'रॉ' हा आठवड्याचा कार्यक्रम सहसा मंगळवारी पहाटे साडेपाचला सुरू होतं, थंडीच्या महिन्यांत अमेरिकेचं घड्याळ बदलल्यामुळे साडेसहाला. टीव्हीवर सोनी फिरवता फिरवता रेसलिंग बघणारा खेड्यातला प्रेक्षक यात गळला, तो आता मोबाइलवर तुकडे बघतो. प्रेक्षक गळाला की भारतीय चेहऱ्याची निकडही कमी होते. ८ सप्टेंबर २०२३ ला हैदराबादला मोठा कार्यक्रम झाला तेव्हा वाटलं होतं हे दरवर्षी होईल.

हे सगळं वाचूनही पारोळ्याच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या पोराला जायचंच असेल, तर क्रम असा ठेवावा. पहिलं, मानेचा एमआरआय. तालमीत दहा वर्षं ब्रिज केलेल्या मानेत काय झिजलं आहे ते आधी कळू द्या. मणका दबलेला असेल तर विषय तिथंच संपवा. दुसरं, खलीची जालंधरची सीडब्ल्यूई ही २०१५ पासूनची शाळा आहे, भुसावळहून झेलम एक्सप्रेस थेट जालंधर कॅन्टला जाते. जाण्याआधी तिथं शिकून आलेल्या दोघा-तिघांना फोन करून विचारा की दिवसाला रिंगमध्ये प्रत्यक्ष किती वेळ मिळतो. रिंग एक आणि पोरं साठ असतील तर तुम्ही पैसे देऊन जोर-बैठकाच मारणार, त्या गावच्या तालमीत फुकट आहेत. तिसरं, खुराक. दूध-तूप-बदामावर वाढलेलं १२० किलोचं गोल शरीर कुस्तीला चालतं. कॅमेऱ्याला खांदे आणि कंबर यांतला फरक दिसावा लागतो. वजन उतरवा, पण जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून सुया टोचून घेऊ नका. डब्ल्यूडब्ल्यूईत २००६ पासून औषधचाचणी आहे. चौथं, रोज दोन मिनिटं मोबाइलसमोर उभं राहून बोला, हिंदीत आणि तोडक्यामोडक्या का होईना इंग्रजीत. डब्ल्यूडब्ल्यूईच्या निवड चाचणीत धावणं, बैठका, दोर, बम्प यांच्या जोडीला माइकही हातात देतात, आणि आपली पोरं पडतात ती नेमकी तिथं. २०१९ मध्ये मुंबईत अशी चाचणी झाली होती. पुढची कधी जाहीर होईल याचा भरवसा नाही, म्हणून पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा.

आणि करार नीट वाचा. तिथं लढणारा कंपनीचा नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. रिंगमधल्या दुखापतीचा उपचार कंपनी करते, पण पेन्शन, फंड वगैरे विसरा. मुख्य संघातून काढलं तर साधारण ९० दिवस दुसरीकडे लढता येत नाही. याच्या शेजारी आपल्याच भागातला हिशेब ठेवा. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, पोलीस खात्यात थेट डीवायएसपी झाला आणि २०२३ ला विनिपेगच्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत १२५ किलो गटात सुवर्णही घेऊन आला. खान्देशातल्या ज्या पोराकडे मातीत तेवढी धमक आहे, त्याला ऑर्लँडोला, डब्ल्यूडब्ल्यूईच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवायला मी तरी सांगणार नाही. पाठवायचा तर तो दुसरा: राज्य पातळीवर तिसरा-चौथा राहणारा, उंचापुरा, दंगलीत हरला तरी लोकांना हसवून फड सोडणारा. असा एखादा प्रत्येक तालमीत असतो आणि वस्ताद त्याच्यावर कायम वैतागलेले असतात.